देवमासा आणि जपानी वृत्तपत्रे

परदेशच्या बातम्या आपल्यापर्यंत येतात त्या बहुधा इंग्रजी वृत्तसंस्थांच्या हातून. जपानी लोक देवमासे मारतात आणि बाकीचे जग त्यांना तसे करू नका म्हणून सांगते, ही बातमीही आपण वर्षानुवर्षे तशीच वाचत आलो. परंतु तीच बातमी खुद्द जपानी घरात सकाळच्या चहाबरोबर कोणत्या रूपाने पोचत होती, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. आज आम्ही त्याच प्रश्नाचा थोडा विचार करणार आहो. देवमासे मारावेत की मारू नयेत, हा वाद आम्ही बाजूला ठेवतो; त्याचा निकाल लावण्याइतके प्राणिशास्त्र आमच्यापाशी नाही.

एका प्रसंगापासून आरंभ करू. 6 जानेवारी 2010 रोजी दक्षिण महासागरात दोन नौकांची टक्कर झाली. एक होती जपानी शिकारी ताफ्याची पाठराखण करणारी 'शोनान मारू क्रमांक 2', आणि दुसरी 'सी शेफर्ड' या शिकारविरोधी संघटनेची 'एडी गिल' नावाची लहान, अतिशय चपळ नौका. लहान नौकेचे नाक तुटून गेले आणि पुढे ती बुडाली. माणसे मात्र वाचली. टकरीच्या वेळी दोन्ही पक्षांचे कॅमेरे चालू होते, आणि दोघांनीही आपापल्या चित्रफिती लगोलग जगापुढे ठेवल्या. एक फीत पाहावी तर पोलादी जहाज जवळजवळ थांबलेल्या नौकेवर चालून गेल्यासारखे वाटते. दुसरी पाहावी तर नौकाच ऐन वेळी जहाजाच्या वाटेत सरकल्यासारखी वाटते. न्यूझीलंडच्या सागरी खात्याने त्याच वर्षी नोव्हेंबरात चौकशीअंती दोघांच्याही पदरात दोष टाकला. परंतु तोवर ज्याला जी फीत पाहावयाची होती ती त्याने पाहिली होती, आणि दहा महिन्यांनी आलेला चौकशीचा निकाल वाचण्यास कोण थांबतो?

या नौकेचा कप्तान पीट बेथून हा न्यूझीलंडचा गृहस्थ. फेब्रुवारीत तो अंधारात पाण्यावरच्या छोट्या वाहनावरून शोनान मारूवर चढला आणि त्या जहाजाच्या कप्तानाला 'अटक' करून त्याच्या हाती बुडालेल्या नौकेचे बिल देऊ लागला. साहजिकच तो स्वतःच अडकला. त्याला टोकियोला आणले तेव्हा धक्क्यावर वार्ताहरांची आणि निदर्शकांची गर्दी होती. जुलै 2010 मध्ये त्याला दोन वर्षांची, परंतु पाच वर्षे स्थगित ठेवलेली, शिक्षा झाली. जपानी वृत्तपत्रांत अटकेनंतर माणसाच्या नावाला आदराचा प्रत्यय लागत नाही. 'योगिशा', म्हणजे संशयित, हा शब्द लागतो आणि खटला भरला की 'हिकोकु', म्हणजे आरोपी. हा नियम बेथूनसाठी मुद्दाम केलेला नव्हता, तो सर्वांना सारखाच आहे. आपल्याकडेही कालपर्यंत 'त्यांनी असे केले' म्हणून ज्यांच्याविषयी लिहिले जाते त्यांना पोलिसांनी नेले की दुसऱ्या दिवशीच्या अंकात 'त्याने असे केले' होते. व्याकरणच आधी निकाल देऊन मोकळे होते.

आता शब्दांकडे वळू, कारण आमच्या मते खरी मेख तेथे आहे. जपानी बातमीत तीन शब्द पुनःपुन्हा येत. पहिला 'चोसा होगेई', म्हणजे पाहणीसाठी किंवा संशोधनासाठी केलेली देवमाशांची शिकार. दुसरा 'हान-होगेई दान्ताई', म्हणजे शिकारविरोधी संघटना. तिसरा 'बोगाई', म्हणजे अडथळा. तिन्ही शब्द एका मथळ्यात बसवले की वाक्य आपोआप तयार होते: संशोधनाला शिकारविरोधी संघटनेचा अडथळा. त्यात खोटे असे काहीच नाही. 1982 साली आंतरराष्ट्रीय देवमासे आयोगाने व्यापारी शिकार थांबवण्याचे ठरवले, आणि 1987 पासून जपानने अंटार्क्टिकात संशोधनाच्या परवान्याखाली शिकार चालू केली. 1946 च्या मूळ कराराच्या आठव्या कलमात असा परवाना देण्याची मुभा आहे, आणि मारलेला प्राणी शक्यतो वाया जाऊ देऊ नये असेही त्यात सांगितले आहे. म्हणून मांस बाजारात येई. तेव्हा सरकारी दप्तरात जो शब्द होता तोच वार्ताहराने लिहिला. परंतु 'संशोधन' या शब्दावरच तर सारा वाद होता! वादाचा जो मुद्दा, तोच बातमीत गृहीत धरला गेला. उलट बाजूने इंग्रजी पत्रे हाच शब्द अवतरणचिन्हांत घालीत. अवतरणचिन्ह म्हणजे वाचकाला केलेला डोळा. त्यालाही आम्ही निःपक्षपात म्हणणार नाही. आणि अडथळा आणणाऱ्यांना कठोर शब्द केवळ जपान्यांनीच वापरले असेही नाही. त्यांच्या कृत्यांना चाचेगिरी ठरवणारा निकाल 2013 साली अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने दिला.

शब्द दप्तरातून बातमीत कसा येतो, हे समजण्यास 'किशा क्लब' ही संस्था माहीत असावयास हवी. 'किशा' म्हणजे बातमीदार. 1890 साली जपानी संसद सुरू झाली तेव्हा आत प्रवेश मिळावा म्हणून बातमीदारांनी एकजूट केली, तेथून या क्लबांचा उगम सांगतात. म्हणजे सत्तेचे दार ठोठावण्यासाठी निघालेली ही संस्था. पुढे ती दाराच्या आत स्थायिक झाली. मंत्रालये, पोलीस, न्यायालये, मोठ्या उद्योगसंघटना, अशा ठिकाणी मोठ्या वृत्तपत्रांच्या बातमीदारांना बसण्यास खोली असते. तेथेच अधिकारी येऊन माहिती सांगतात, तेथेच कागद वाटले जातात. बाहेरच्या, मोकळ्या किंवा परदेशी पत्रकाराला तेथे शिरकाव मिळणे फार काळ कठीण होते. 2009 च्या सत्तांतरानंतर काही दारे किलकिली झाली. सोय दोघांचीही. बातमी कोणाची चुकत नाही, आणि सर्व पत्रांत ती जवळजवळ एकसारखी येते. योमिउरीसारख्या पत्राचा खप त्या सुमारास कोटीच्या घरात होता, हे ध्यानात घेतले म्हणजे एका खोलीत वाटलेल्या कागदाचे वजन कळते.

त्यात देवमाशाची एक गंमत आहे. तो मासा नव्हे, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. तरी मराठीने त्याला मासा केला आणि जपानी-चिनी लिपीतही त्याच्या अक्षराच्या डाव्या अंगाला माशाचेच चिन्ह आहे. जपानी राज्यकारभारातही तो मत्स्य खात्याखाली येतो, पर्यावरणाकडे नव्हे. तेव्हा त्याची अधिकृत बातमी निघे ती मत्स्य खात्यातून, आणि साहजिकच ती त्या मंत्रालयात बसणाऱ्या, कोळ्यांच्या, तांदळाच्या, आयात-जकातींच्या बातम्या देणाऱ्या बातमीदाराच्या हाती पडे. प्रश्न वन्य प्राण्यांचा आहे असे वाटणारा माणूस त्या खोलीत असण्याचे कारण नव्हते. चित्रांचेही तसेच. अंटार्क्टिकाच्या समुद्रात महिनोन्‌महिने बातमीदार ठेवणे कोणत्या पत्राला परवडणार? ताफ्यावरची छायाचित्रे आणि फिती देई ती देवमासे-संशोधन संस्था, म्हणजे वादातला एक पक्ष. दुसऱ्या पक्षाच्या जहाजावर 2008 पासून एका अमेरिकन दूरदर्शन-मालिकेची मंडळी बसलेली, आणि मालिकेला तर नायक हवाच असतो. तटस्थ डोळा त्या समुद्रावर जवळजवळ नव्हताच.

परंतु याहून बोलके प्रकरण समुद्रावर नव्हे, जमिनीवर घडले. 2008 साली 'ग्रीनपीस'च्या दोन जपानी कार्यकर्त्यांना खबर मिळाली की ताफ्यावरचे काही खलाशी देवमाशाचे उत्तम मांस घरी परस्पर पाठवतात. पुरावा म्हणून त्यांनी आओमोरी येथील मालवाहतुकीच्या गुदामातून एक पेटी उचलली. तीत वीस किलोंहून अधिक मांस निघाले. पेटी त्यांनी पत्रकारांपुढे उघडून दाखवली आणि तक्रारीसह सरकारी वकिलांकडे दिली. जूनमध्ये अटक झाली, ती त्या दोघांना. आणि मांसाच्या अपहाराची तक्रार निकालात काढण्यात आली. 2010 च्या सप्टेंबरात न्यायालयाने दोघांना चोरी व गुदामात शिरणे यांबद्दल एक वर्षाची स्थगित शिक्षा दिली. कायद्याने ती चोरी होतीच. पण पुढचे ऐका. त्याच वर्षी डिसेंबरात मत्स्य खात्याने कबूल केले की आपल्या काही अधिकाऱ्यांनी देवमाशाचे मांस भेट म्हणून स्वीकारले होते, आणि त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. तरी आजही जपानात हे प्रकरण 'देवमासे-मांस चोरी प्रकरण' म्हणूनच ओळखले जाते. चोर कोण, हे नावानेच ठरवून टाकले आहे.

मग जपानी पत्रकार भित्रे किंवा विकले गेलेले, असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो आम्हांला मान्य नाही. यात भुकेची आठवण मिसळलेली आहे. 1946 साली पराभूत, उपाशी जपानला अंटार्क्टिकात ताफा पाठवण्याची परवानगी दिली ती खुद्द अमेरिकन सेनापती मॅकार्थरने. देवमाशाच्या तळलेल्या तुकड्यांवर शाळेतल्या दुपारच्या जेवणात एक पिढी वाढली. 1962 च्या सुमारास वर्षाला दोन लाख टनांहून अधिक मांस खपत होते. आज ते काही हजार टनांवर आले आहे. तेव्हा खाण्यासाठी भांडणारे फार थोडे उरले. पण ज्यांनी एकेकाळी स्वतः तेलासाठी समुद्र उपसला त्यांनीच आता आम्हांला रानटी म्हणावे, हे जिव्हारी लागणारे पुष्कळ आहेत. जपानी अभ्यासकांनी या वृत्तीला 'शिकारविरोधाचा विरोध' असे नेमके नाव दिले आहे. संपादकही त्याच शाळांत जेवलेले.

आणि याच वृत्तपत्रसृष्टीने वेगळे वागूनही दाखवले आहे. ताइजी गावातल्या डॉल्फिनच्या शिकारीवरचा 'द कोव्ह' हा ऑस्कर मिळवलेला अनुबोधपट 2010 च्या जूनमध्ये जपानात लागणार होता. उजव्या गटांनी धाकदपटशा करताच चित्रगृहांनी तो काढून घेतला. तेव्हा अनेक पत्रकार आणि चित्रपटकार निषेधासाठी पुढे आले. चित्रपट पटला म्हणून नव्हे. तो पाहू न देणे पटले नाही म्हणून. जुलैत तो काही चित्रगृहांत लागला.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पैशाची. 11 मार्च 2011 च्या भूकंप-त्सुनामीत ईशान्य किनारा उद्ध्वस्त झाला. देवमासे धरणाऱ्यांचे आयुकावा हे जुने बंदरही वाहून गेले. त्याच वर्षी पुनर्वसनाच्या पुरवणी अंदाजपत्रकातून सुमारे 228 कोटी येन अंटार्क्टिकातील शिकारीसाठी आणि तिला होणाऱ्या अडथळ्याच्या बंदोबस्तासाठी काढण्यात आले. कारण दिले ते त्या किनाऱ्याच्या उद्धाराचे. पुढच्या वर्षी पुनर्वसनाचा पैसा भलतीकडे कसा गेला याचा शोध नियतकालिकांनी, वृत्तपत्रांनी आणि एनएचकेने घेतला, तेव्हा ही रक्कमही चव्हाट्यावर आली. देवमाशाबद्दल वर्षानुवर्षे जे विचारले गेले नव्हते ते तात्पुरत्या घरांत राहणाऱ्या माणसांमुळे विचारले गेले. आणि आमच्या मते आणखी एक साधे कारण होते. अंदाजपत्रक छापील असते. ते वाचण्यास कोणाच्या जहाजावर जावे लागत नाही.

त्याच 2011 सालात शब्दांचे दुसरे, याहून भयंकर उदाहरण घडत होते. 12 मार्च रोजी अणुसुरक्षा खात्याच्या एका अधिकाऱ्याने फुकुशिमाच्या भट्टीतला गाभा वितळत असावा असे पत्रकारांपुढे म्हटले. त्यानंतर पत्रकारांपुढे बोलण्याच्या कामावरून त्याला बदलण्यात आले. पुढे दोन महिने अधिकृत शब्द होता 'गाभ्याची हानी'. मेमध्ये वीज कंपनीने गाभा वितळल्याचे मान्य केले, आणि 2016 च्या चौकशीत निघाले की 'वितळणे' हा शब्द वापरू नका अशी सूचना त्या वेळच्या अध्यक्षानेच दिली होती. त्या दिवसांत जपानी लोक एक जुना शब्दप्रयोग पुन्हा वापरू लागले: 'दाइहोन्एई हाप्प्यो', म्हणजे युद्धकाळच्या शाही मुख्यालयाचे निवेदन. 1943 साली ग्वादालकनालहून घ्यावी लागलेली माघार या मुख्यालयाने 'तेन्शिन', म्हणजे दिशा बदलून पुढे जाणे, म्हणून जाहीर केली होती आणि पत्रांनी ती तशीच छापली होती. आपल्या वृत्तपत्रांचा हा इतिहास जपानी वाचक विसरलेला नाही. आम्हांला वाटते, त्यांच्यावर सर्वांत कडक टीका परदेशी माणसाची नव्हे, त्याची आहे.

31 मार्च 2014 रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 12 विरुद्ध 4 मतांनी निर्णय दिला की अंटार्क्टिकातील तो कार्यक्रम शास्त्रीय संशोधनासाठी नव्हता. ज्या शब्दावर मथळे उभे होते तोच न्यायालयाने काढून घेतला. जपानने निकाल मानला, एक हंगाम अंटार्क्टिकात शिकार केली नाही, मग नवा कार्यक्रम आखला. आणि 2018 च्या डिसेंबरात आयोगातून बाहेर पडण्याचे जाहीर केले. 'असाही' व 'माइनिची' यांनी त्यावर टीकेचे अग्रलेख लिहिले. 1 जुलै 2019 पासून जपान आपल्याच सागरी हद्दीत उघडपणे व्यापारी शिकार करतो. 'चोसा' हा शब्द आता त्या शिकारीच्या बातमीत लागत नाही, दक्षिणेकडे ताफा जात नाही, टकरी होत नाहीत. आणि बातम्याही आटल्या.

जुलै 2024 मध्ये त्या पुन्हा पहिल्या पानावर आल्या. सी शेफर्डचे संस्थापक पॉल वॉटसन ती संघटना सोडून वेगळे झाले होते आणि जपानच्या 'कांगेई मारू' या नव्या जहाजाला गाठण्यास निघाले होते. ग्रीनलंडच्या नूक बंदरात, जपानच्या 2010 च्या प्रकरणातील वॉरंटावरून त्यांना धरण्यात आले. फ्रान्समध्ये त्यांच्या सुटकेसाठी मोहीम निघाली, त्यात ते समुद्राचे रक्षक होते. टोकियोच्या अंकांत ते 'वॉटसन-योगिशा' होते. पाच महिन्यांनी, 17 डिसेंबर रोजी, डेन्मार्कने त्यांना जपानच्या हवाली करण्यास नकार दिला आणि ते मोकळे झाले. जपानी पत्रांनी ती बातमीही ठळकपणे दिली. नावापुढचा शब्द तसाच होता.