स्नायूंचा निरोप

गोरेगावातील आमच्या विद्यार्थ्यांना आरे दुग्ध वसाहत परिचित आहे. त्यामुळे कॅल्शियम म्हटले की त्यांना दूध आणि हाडे आठवतात. याच कॅल्शियमचे दुसरे, तितकेच मोलाचे कार्य स्नायूंत चालते. दहावीचा खेळाचा तास अभ्यासाला द्यावा, अशी सूचना पालकसभेत वारंवार येते. तिचा विचार करताना हे कार्य समजून घ्यावे, असे आम्हा विज्ञान शिक्षकांना वाटते.

विसावलेल्या स्नायुपेशीत मुक्त कॅल्शियम अत्यल्प, पेशीबाहेरच्या प्रमाणाच्या सुमारे दहा हजारावा भाग, असते. पेशीतील जाळीदार कोठारात मात्र त्याचा मोठा साठा असतो. मज्जातंतूचा संदेश येताच कोठाराची दारे उघडतात, कॅल्शियम पेशीभर पसरते आणि स्नायू आकुंचन पावतो.

परंतु त्याचे काम येथे संपत नाही. कॅल्शियम कॅल्मोड्युलिन या प्रथिनाशी जोडले जाते आणि कॅल्सिन्युरिन हे विकर जागृत होते. त्या विकराच्या क्रियेने एक प्रथिन पेशीकेंद्रकात शिरते व ठरावीक जनुके कार्यान्वित करते. याच्या जोडीला अन्य मार्गही आहेत. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी स्नायुपेशींतील कॅल्शियम रसायनाने वाढवले असता इंटरल्यूकिन-६ या सायटोकाइनची निर्मिती वाढते. सायटोकाइन म्हणजे पेशींनी परस्परांना धाडलेले प्रथिनरूपी निरोप होत.

कोपनहेगनच्या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्वयंसेवकांनी एकाच पायाने व्यायाम केला. राबणाऱ्या पायातून इंटरल्यूकिन-६ रक्तात उतरले. विसावलेल्या पायातून नाही. व्यायामाने वाढलेले हे प्रथिन मेदाच्या वापराला चालना देते, दाह शमवणारी प्रथिने वाढवते आणि काही तासांत ओसरते. स्थूलतेत मात्र ते दीर्घकाळ चढे राहते व दाहाचे लक्षण ठरते. म्हणजे निरोप तोच, पण वेळ आणि प्रमाण यांनी त्याचा अर्थ पालटतो. मध्यम मार्गाची शिकवण येथेही आठवावी.

आपल्यासाठी हा विषय दूरचा नाही. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बालकांशी केली. आपल्या बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तेथील ३.५ किलो; आपल्याकडे स्नायू कमी, मेद मात्र त्या मानाने टिकून. अशा शरीराला पुढे मधुमेहाचा धोका अधिक संभवतो. वसतिगृहातील आमची बहुतेक मुले अशाच खेड्यांतून आलेली आहेत. त्यांना दूध अवश्य द्यावे. पण दुधाच्या पेल्याने स्नायूंतील कोठाराची दारे उघडत नाहीत. त्यासाठी धावावे, चालावे, खेळावेच लागते.

अंगुत्तर निकायातील चंकम सुत्तात चालण्याचे पाच लाभ सांगितले आहेत. त्यांत निरोगीपणा व अन्नपचन यांच्यासह चित्ताची दीर्घकाळ टिकणारी एकाग्रताही आहे. खेळाचा तास अभ्यासातून वजा होतो, असे मानणाऱ्या पालकांनी हा शेवटचा लाभ विशेष ध्यानात घ्यावा, ही आमची नम्र विनंती.