तंजावरला एक फोन, चार कॅडेट

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात मराठी वाचता येणाऱ्या माणसाला एक अनपेक्षित भेट मिळते. राजराज चोळाने १०१० साली पूर्ण केलेल्या या मंदिराच्या भिंतींवर तमिळ शिलालेख जागोजागी आहेतच, पण आवाराच्या नैऋत्य भागातील भिंतीवर देवनागरी अक्षरांत मराठीही कोरलेली दिसते. हा भोसले घराण्याचा इतिहास आहे. सरफोजी राजे दुसरे यांच्या आज्ञेवरून चिटणीस बाबूराय यांनी तो रचला आणि १८०३ साली तो दगडावर आला. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांच्यापासून १८५५ पर्यंत तंजावरावर मराठ्यांचे राज्य होते. हा लेख म्हणजे त्या राज्याने स्वतःची सांगितलेली ओळख.

बहुतेक प्रवासी या भिंतीसमोर एक सेल्फी काढतात आणि पुढे जातात. खिशातल्या फोनमध्ये मात्र आज कॅमेऱ्याखेरीज कोन मोजणारा सेन्सर, ध्वनिमुद्रक, अक्षर ओळखणारे ॲप आणि उपग्रहावरून जागा सांगणारी यंत्रणा असते. यांतील काही गोष्टी मोजतात आणि काही अंदाज करतात. हा फरक ज्याला कळला, त्याला फोन उपयोगी पडतो.

वसतिगृहात फोन मिळत नाही, पण शैक्षणिक सहलीत चार कॅडेटांमागे एक फोन मिळाला तरी पुरतो. एकाने फोन धरावा, दुसऱ्याने प्रकाश आणि अंतर सांभाळावे, तिसऱ्याने वहीत नोंद करावी, चौथ्याने ती तपासावी.

तिरका प्रकाश

कोरलेल्या अक्षरावर समोरून फ्लॅश मारला तर फोटोत अक्षर सपाट दिसते, कारण खाचेत सावली उरत नाही. म्हणून फ्लॅश बंद ठेवावा आणि साध्या बॅटरीचा झोत भिंतीला जवळजवळ समांतर, एका बाजूने टाकावा. खाचेत सावली भरते आणि झिजलेली रेषाही उठून दिसते. डाव्या, उजव्या, वरच्या आणि खालच्या बाजूने झोत टाकून एकाच जागेचे चार फोटो काढले, तर एका फोटोत हरवलेली रेघ दुसऱ्यात सापडते. फोन मात्र चारही वेळा त्याच जागी हवा. झूम करण्यापेक्षा दोन पावले पुढे जावे, कारण डिजिटल झूममध्ये नवा तपशील मिळत नाही, असलेलाच ताणला जातो. भिंतीला हात, खडू किंवा पाणी लावू नये. मंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. तिपाई किंवा ड्रोन वापरायचा विचार असेल तर परवानगी आधी घ्यावी.

आता अक्षर ओळखणारे ॲप चालवून पाहा. देवनागरी त्याला येते, पण ती मुख्यतः आजच्या छापील मजकुरातली. ‘ब’च्या पोटातला तिरका दांडा झिजला की ‘व’ उरतो, ‘ष’मधला झिजला की ‘प’ उरतो. अशा वेळी ॲप त्याला ओळखीचा शब्द निवडते आणि शंका न दाखवता छापून देते. घराण्याच्या इतिहासात एका अक्षराने नाव बदलते, आणि नाव बदलले की नाते बदलते. म्हणून ॲपने दिलेला मजकूर हा कच्चा मसुदा समजावा. तो फोटोशेजारी ठेवून अक्षर अक्षर ताडावा, आणि शंका असेल तेथे वहीत प्रश्नचिन्ह करावे. प्रश्नचिन्ह करायला लाजू नये, खरा अभ्यासकही तेच करतो.

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आहेत. राज्याचे दफ्तर मात्र मोडीत आहे, आणि तेथे अडचण आणखी वाढते. मोडी लिपीला युनिकोडमध्ये जागाच २०१४ साली मिळाली. आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी २०२५ मध्ये मोडी कागदांचे देवनागरीत रूपांतर करणारी प्रणाली मांडली. तिला शिकवण्यासाठी दोन हजारांहून अधिक कागदांची छायाचित्रे आणि त्यांचे जाणकारांनी केलेले लिप्यंतर लागले. म्हणजे यंत्राच्या आधी मोडी वाचणारा माणूस हवाच होता.

उंची मोजणे

मंदिराचे विमान सुमारे ६६ मीटर उंच आहे. ही उंची त्रिकोणमितीने पडताळून पाहता येते. फोनमधील कोनमापक ॲप उघडून फोनच्या कडेवरून शिखराचे टोक नेमावे आणि कोन वाचावा. शिखराच्या मध्याखालच्या बिंदूपासून आपण ५० मीटरवर उभे आहोत आणि कोन ५२ अंश आला असे समजा. ५० ला ५२ अंशांच्या टॅन्जंटने, म्हणजे १.२८ ने गुणले की ६४ येतात. त्यात डोळ्याची उंची १.५ मीटर मिळवली की ६५.५ मीटर.

येथे दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे अंतर भिंतीपर्यंत मोजणे. शिखर भिंतीवर नसून मध्यावर आहे, आणि पायथ्याची एक बाजू सुमारे ३० मीटर आहे. म्हणून भिंतीपर्यंतच्या अंतरात १५ मीटर मिळवावे लागतात. दुसरी चूक कोनाची. वरच्या उदाहरणात कोन एका अंशाने चुकला तर उंची सव्वादोन मीटरहून जास्त बदलते. म्हणून चौघांनी वेगवेगळे कोन घ्यावेत, एकमेकांना न दाखवता लिहावेत आणि मग सरासरी काढावी. नकाशावाचनाच्या तासाला शिकलेली शिस्त येथे उपयोगी पडते.

डोलणारी बाहुली

तंजावरच्या बाजारात बुडाशी जड आणि गोल असलेली बाहुली मिळते. आडवी केली तरी ती पुन्हा उभी राहते, कारण तिचा गुरुत्वमध्य अगदी खाली असतो. तिच्यामागे पट्टी उभी करून स्लो मोशनमध्ये चित्रण करावे. सेकंदाला २४० चित्रे घेणाऱ्या फोनवर दहा डोलांना किती चित्रे लागली ते मोजून २४० ने भागले, की वेळ हाती येतो. मग बाहुलीच्या डोक्यावर थोडी ओली माती चिकटवून तोच प्रयोग पुन्हा करावा. गुरुत्वमध्य वर गेल्यावर डोल मंद होतो का, ते स्वतः पाहावे. जर्मनीतील आखेन विद्यापीठाचे ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप फोनमधील सेन्सरांचे आकडे थेट आलेखात दाखवते. भौतिकशास्त्राच्या असल्या प्रयोगांना ते उत्तम साथ देते.

आवाज जपणे

तंजावर, कुंभकोणम, चेन्नई या भागांत स्थायिक झालेल्या कुटुंबांत आजही तंजावरी मराठी बोलली जाते. तिच्यावर तमिळचा संस्कार आहे, आणि आपल्याकडे विसरलेले काही जुने वळणही तिने जपले आहे. घरातील आजी-आजोबा बोलायला तयार असतील तर आधी त्यांची परवानगी घ्यावी, पंखा बंद करावा, फोन हातभर अंतरावर ठेवावा आणि मध्ये न बोलता ऐकावे. बोललेले आपोआप लिहून देणारी सोय येथे जपून वापरावी. ती पुण्या-मुंबईची मराठी ऐकून शिकलेली असते, त्यामुळे वेगळा शब्द ऐकला की तो ‘दुरुस्त’ करून टाकते. आणि आपल्याला जपायचा असतो नेमका तोच शब्द. म्हणून मूळ ध्वनिमुद्रण कधीही पुसू नये.

जागा कोणाला सांगायची?

फोटोबरोबर तारीख, वेळ आणि बहुधा ठिकाणही फाईलमध्ये साठते. शिलालेखाच्या नोंदीला ते हवेच असते, छावणीच्या फोटोला मुळीच नको. व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा ॲपच्या जागतिक नकाशावर सैनिकांच्या धावण्याच्या वाटा उमटल्या आणि त्यांवरून लष्करी तळ ओळखू आले, हे जानेवारी २०१८ मध्ये जगाने पाहिले. भारतीय सेनेने जुलै २०२० मध्ये जवानांना ८९ ॲप काढून टाकायला सांगितले. तंजावरलाही हवाई दलाचा तळ आहे आणि जानेवारी २०२० पासून तेथे सुखोई-३० विमानांची २२२ क्रमांकाची स्क्वाड्रन आहे. अशा तळाच्या परिसरात कॅमेरा बाहेर काढू नये.

पालकांसाठीही एक सूचना. व्हॉट्सॲपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ दर्जा टिकतो, पण ठिकाणाची माहितीही सोबत जाते. साधा फोटो म्हणून पाठवला तर ही माहिती गळते आणि दर्जाही घटतो. अभ्यासाच्या फोटोला पहिली पद्धत, मुलाच्या शिबिराच्या फोटोला दुसरी.

नोंद कशी असावी?

याचा धडा सरफोजी राजांनीच घालून दिला आहे. त्यांच्या धन्वंतरी महालात डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी ठेवल्या जात. त्यांत रुग्णाचे दुखणे, केलेला उपचार आणि सोबत डोळ्याचे काढलेले चित्र असे. चित्राला शब्दांची जोड होती, म्हणून आज दोनशे वर्षांनंतरही डॉक्टर त्या नोंदी अभ्यासू शकतात.

आपणही प्रत्येक फोटोमागे वहीत चार ओळी लिहाव्यात: कोठे, केव्हा, काय मोजले, काय कळले नाही. फोनमध्ये शेकडो फोटो साठतात आणि वर्षभरात कोणता कशाचा ते आठवत नाही. दहा फोटो आणि दहा नोंदी घेऊन परतलेला गट जे आणील, ते पुढच्या तुकडीलाही वापरता येईल. पुढच्या सहलीला निघताना फोन पूर्ण चार्ज करालच, सोबत पेन्सिलही टोक करून घ्या.