दवाखान्याच्या ट्रेलरला पाटे आणि चाके कोणती?



फिरत्या दवाखान्यासाठी आपण ट्रेलर घेतला, ही बातमी मागच्या अंकात आपण वाचलीच. साधी ट्रॉली मिळत असताना वेगळा ट्रेलर बनवून घेण्याचा खर्च कशाला, असे काहींनी कळवून विचारले. प्रश्न रास्त आहे. गाडी मीच चालवतो, तेव्हा हिशेबही मीच द्यायला हवा.

आमचे मालेगाव वाशीम जिल्ह्यातले, नाशिककडचे नव्हे. मेडशीच्या बाजूला डांबर सोडून आंध बांधवांच्या वस्त्यांकडे वळले की पांदण लागते. उन्हाळ्यात दगड आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा गारा. पहिल्या वर्षी आम्ही एक जुनी ट्रॉली मागे जोडली होती. तिला पाटे नव्हते. आख सरळ सांगाड्याला बसवलेला. ट्रॅक्टर सावकाश चालतो आणि मागे टनावारी माल असतो, म्हणून त्याचे भागते. आमच्या जीपमागे ती ट्रॉली प्रत्येक दगडावर उडत होती. एका फेरीत सूक्ष्मदर्शकाची भिंग निखळली, सलाईनच्या बाटल्या फुटल्या. बारा गरोदर बायांचे रक्त तपासायचे राहिले आणि पुढची फेरी पंधरा दिवसांनी होती. त्या दोन-दोन कोस चालून आल्या होत्या.

तेव्हा ठरले की पाटे हवेतच. मिस्त्रींनी जीपच्या मागचे जुने पाटे सुचवले. मजबूत खरे, पण इथेच बहुतेकांची चूक होते. पाटा जड वजनासाठी बनवलेला असेल आणि वर माल हलका असेल, तर तो वाकतच नाही. मग तो असून नसल्यासारखा. म्हणून आधी वजन केले. धर्मकाट्यावर रिकामा सांगाडा २६० किलो आणि औषधे, जनरेटर, पाण्याचा ड्रम, खाट धरून ६१० किलो भरला. त्या वजनाला जुळतील असे हलके पाटे घेतले. माल भरल्यावरही वर खेळायला दोन-तीन इंच जागा उरली पाहिजे, ही आमची खूण.

गुंडाळीच्या स्प्रिंगा जास्त मऊ असतात, पण त्यांना आख जागेवर धरायला वेगळे दांडे आणि उसळी मारायला शॉकअप लागतात. पाटा आखही धरतो, आणि पाट्यावर पाटा घासला जाऊन उसळीही थोडी मरते. शिवाय तो मोडला तर मालेगावात दुसरा मिळतो. वस्तीवर अडकलेल्या माणसाला याहून मोठा गुण नको. फक्त नवे पाटे बसवल्यावर पहिल्या फेरीनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळावेत. ते हमखास सैल होतात.

आता चाके. बैलगाडीचे १९ इंची टायर स्वस्त आणि उंच, पण ते बैलाच्या चालीसाठी आहेत. महामार्गावरच्या वेगाला ते लावू नयेत. ट्रॉलीचे टायर आमच्या वजनाला फार कडक. शेवटी ट्रेलरला बोलेरोचेच हब आणि बोलेरोचीच १५ इंची चाके लावली. नटांची भोके जुळतात, म्हणून एकच स्टेपनी दोघांना चालते. आणखी एक गोष्ट बैलगाडीवाल्यांना आपल्या आधीपासून ठाऊक आहे: चाकोरी. ट्रेलरच्या दोन चाकांतले अंतर पुढच्या गाडीइतकेच ठेवले, की तो तिच्याच चाकोरीतून येतो. आमच्या जुन्या ट्रॉलीचे अंतर जास्त होते, त्यामुळे तिची दोन्ही चाके आपली स्वतंत्र वाट कापत आणि जीपला दुप्पट ओढावे लागे.

चाकावर घट्ट मडगार्ड नको. काळी माती टायरला चिकटत जाते, मडगार्डाखाली ठासते आणि चाक फिरायचे थांबून घसरत येते. आम्ही वर वीतभर जागा सोडली आहे. गाऱ्यात हवा थोडी कमी केली तर टायर पसरतो आणि कमी रुततो. मात्र फार कमी केल्यास टायर डिस्कवर सरकून ट्यूबचा वाल्व तुटतो. डांबरावर चढण्याआधी हवा पुन्हा भरायची, म्हणून पंप गाडीतच असतो.

माल कसा रचायचा, हेही पाट्याइतकेच महत्त्वाचे. हुकावर एकूण वजनाच्या साधारण दहावा हिस्सा यावा. आम्ही रुग्णांचा वजनकाटा हुकाखाली ठेवून मोजले. मागे जास्त भार पडला तर ट्रेलर शेपटासारखा हलतो. जनरेटर आखाच्या किंचित पुढे सरकवला आणि ते थांबले.

ट्रेलरलाही नोंदणी लागते. तिला वेळ लागतो, ते धरूनच कामाला लागा.

आता दर फेरीहून परतल्यावर दोन्ही हबवर हात ठेवून पाहतो. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर बेअरिंग उघडून ग्रीस बदलल्याशिवाय दुसऱ्या दिवशी निघत नाही. नाल्यातून गेलो असलो, तर थंड असला तरी उघडतो.