क्रीमी सॅलडला पाणी का सुटतं? मेयोनीज न घालता ते दाट कसं ठेवायचं?

रीलमधलं क्रीमी सॅलड साधारण एकसारखंच असतं. काचेचा मोठा बाऊल, त्यात काकडी, गाजर, कोबी. वरून पांढरंशुभ्र दाट ड्रेसिंग पडतं, एकदा ढवळलं की प्रत्येक तुकड्याला चिकटतं आणि रील संपते. तेच आपण घरी करतो. पानं वाढेपर्यंत बाऊलच्या तळाशी पातळ पाणी साचलेलं असतं, काकडी लिबलिबीत झालेली असते आणि ड्रेसिंगला चव उरलेली नसते.

बहुतेक जण याचा राग दह्यावर काढतात आणि पुढच्या वेळी मेयोनीजची बाटली आणतात. पण मेयोनीज घातलं तरी पाणी सुटतंच, कारण गडबड वेगळ्याच ठिकाणी असते. गंमत म्हणजे ती कशी टाळायची हे आपल्याकडे कोशिंबीर करणाऱ्यांना खूप आधीपासून माहीत आहे.

हे पाणी येतं कुठून?

काकडीच्या वजनापैकी सुमारे ९५ टक्के पाणीच असतं. कोबीत ते ९२ टक्क्यांच्या आसपास, तर गाजरात ८८ टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे पाव किलो काकडी चिरली, तर त्यात जवळपास एक मोठा ग्लासभर पाणी आहे. भाजी अख्खी असते तोवर ते पेशींमध्ये कोंडलेलं असतं. त्याच्या दाबामुळेच काकडी करकरीत लागते.

आपण त्यावर मीठ घालतो. पेशीच्या पडद्यातून पाणी आरपार जाऊ शकतं, मीठ मात्र सहज आत जात नाही. बाहेर खारटपणा वाढला की आतलं पाणी बाहेर ओढलं जातं. शाळेत मनुका पाण्यात टाकून फुगवायचा प्रयोग केला असेल, तर हा तोच प्रकार उलट्या दिशेने. पुस्तकात त्याला परासरण म्हणतात. साखरही हेच काम करते, त्यामुळे ड्रेसिंगमध्ये मध किंवा साखर जास्त पडली तरी पाणी सुटतं.

शिवाय भाजी जितकी बारीक, तितक्या जास्त पेशी फुटतात. म्हणून किसलेल्या काकडीला लगेच पाणी सुटतं आणि जाड चकत्या बराच वेळ टिकतात.

दुसरा स्रोत खुद्द दही. दही म्हणजे दुधातल्या केसीन नावाच्या प्रथिनाचं जाळं, आणि त्यात अडकलेलं पाणी. चमचा घातला, ढवळलं की जाळं मोडतं आणि पाणी वेगळं होऊ लागतं. एका बाजूने काकडीचं पाणी, दुसऱ्या बाजूने दह्याचं. बाऊलमध्ये तळं साचणार नाही तर काय?

खमंग काकडीत काय करतात?

खमंग काकडी करताना काकडी चोचवून बारीक करतात आणि हाताने पिळून तिचं पाणी काढून टाकतात. मग त्यात दाण्याचं कूट घालतात. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेल आणि साधारण पाव भाग प्रथिनं असतात. हे कोरडं कूट उरलंसुरलं पाणी शोषून घेतं आणि त्यामुळे कोशिंबीर आपोआप मिळून येते. वरून तुपाची किंवा तेलाची फोडणी. आणि मीठ? घरातल्या जुन्या हातांना विचारा, 'पानं घ्यायच्या वेळी घाल' हेच उत्तर येईल.

ग्रीसमधलं तझात्झिकी पाहा. किसलेली काकडी मीठ लावून पिळायची, दही गाळून दाट करायचं, त्यात लसूण आणि ऑलिव्ह ऑइल. फोडणी आणि कूट सोडलं तर पद्धत हीच.

म्हणजे मिठाच्या बाबतीत दोनच रस्ते आहेत. एक तर मीठ आधी लावा, १५-२० मिनिटं थांबा, सुटलेलं पाणी पिळून टाका. नाहीतर अगदी शेवटी, खायच्या क्षणी घाला. मधला रस्ता, म्हणजे मीठ घालून कालवून बाऊल अर्धा तास ओट्यावर ठेवणं, हाच सगळ्यात वाईट. बहुतेक रील नेमकं हेच करायला सांगतात, कारण कालवल्या कालवल्या बाऊल कॅमेऱ्यात छान दिसतो.

सगळ्या भाज्यांना सारखा नियम मात्र लावू नका. काकडी आणि कोबीला मीठ लावून पिळणं फायद्याचं, कोबी त्याने थोडा मऊही होतो आणि कच्चा वास कमी होतो. गाजराला याची गरज नाही. टोमॅटो घालायचाच असेल तर बियांचा गर काढून टाका. कांदा चिरून दहा मिनिटं गार पाण्यात ठेवला तर त्याचा उग्रपणा उतरतो, पण नंतर तो फडक्यावर कोरडा करून घ्या. बीट शेवटी, नाहीतर सगळं गुलाबी होईल. (काहींना तेच आवडतं, तो भाग वेगळा.)

ड्रेसिंग: आधी चक्का

इथे श्रीखंडाचं ज्ञान कामाला येतं. अर्धा किलो दही स्वच्छ सुती फडक्यात बांधून फ्रीजमध्ये, खाली भांडं ठेवून, तीन-चार तास टांगा. फ्रीजमध्ये टांगायला जागा नसेल तर चाळणीत फडकं पसरून त्यावर दही ठेवलं तरी चालतं. साधारण निम्मा चक्का मिळेल. श्रीखंडासाठी लागतो तितका घट्ट नको, चमच्यावरून हळूहळू घसरेल इतपत पुरे.

आता त्यातला एक वाटी चक्का घ्या. त्यात एक पाकळी लसूण ठेचून, अर्ध्या लिंबाचा रस, मिरपूड, चिमूटभर साखर आणि पाव चमचा मोहरीची पूड घाला. मग दोन चमचे तेल अगदी बारीक धारेने सोडत रवीने किंवा काट्याने फेटा. तेल एकदम ओतलं तर वर तवंग येतो. हळूहळू सोडलं तर त्याचे बारीक थेंब चक्क्यात अडकतात आणि मिश्रण गुळगुळीत, चकचकीत होतं. थेंब एकमेकांना चिकटू न देण्याचं काम दह्यातली प्रथिनं करतात आणि मोहरी त्यांना मदत करते.

मोहरीचं आणखी एक. पूड नुसती कोरडी घातली तर ठसका येत नाही. मोहरी भरडून पाण्यात कालवली की तिच्यातलं एक विकर कामाला लागतं आणि नाकात जाणारा तो तिखट पदार्थ तयार होतो. मोहरी फेसणं म्हणतात ते हेच. म्हणून पूड आधी चमचाभर पाण्यात कालवून पाच मिनिटं ठेवा, लिंबू नंतर घाला. आंबटपणा आधी पडला तर विकराचं काम मंदावतं आणि ठसका कमी येतो.

दोन काकड्या, एक मोठं गाजर आणि पाव कोबी इतक्या भाजीला हे ड्रेसिंग पुरतं. चार जणांचं काम होतं. दूध-दही चालत नसेल तर भिजवलेले काजू किंवा तीळ वाटून, लिंबू घालून असंच दाट ड्रेसिंग होतं. कोकणात, गोव्यात घरात ओला नारळ असतोच, त्याचं दाट दूधही चालेल.

मग मेयोनीजचं काय?

मेयोनीज म्हणजेही तेलाचे बारीक थेंबच, फक्त ते धरून ठेवायला अंड्याचा पिवळा बलक वापरलेला असतो. अमेरिकेतल्या नियमानुसार मेयोनीज म्हणवून घ्यायला त्यात वजनाने किमान ६५ टक्के वनस्पती तेल असावं लागतं. अशा मेयोनीजच्या एका टेबलस्पूनमधून ९० ते १०० कॅलरी येतात. तेवढ्याच चक्क्यातून साधारण २०. आपल्याकडच्या अंडंविरहित बाटल्यांमध्ये तेलाचं प्रमाण वेगवेगळं असतं, त्यामुळे लेबल वाचण्याला पर्याय नाही.

खरी काळजी मात्र कॅलरीची नाही. पारंपरिक मेयोनीजमध्ये अंडं कच्चंच असतं. अंड्याच्या कवचावर किंवा आत साल्मोनेला हा जिवाणू असू शकतो. अंडं शिजवलं की तो मरतो, पण मेयोनीज शिजवतच नाहीत. त्यात ते उन्हाळ्यात गाडीवर तासन् तास उघडं राहिलं की जिवाणूंची वाढ होते.

यावर काही राज्यांनी थेट बंदीचा मार्ग धरला. केरळने जानेवारी २०२३ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर बंदी घातली. हैदराबादमध्ये विषबाधेच्या घटना घडल्यावर तेलंगणाने ३० ऑक्टोबर २०२४ रोजी एका वर्षासाठी तसाच आदेश काढला. एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूनेही एक वर्षाची बंदी जाहीर केली. या बंद्या कच्च्या अंड्याच्या मेयोनीजपुरत्या होत्या, सीलबंद अंडंविरहित बाटलीचा त्यांच्याशी संबंध नाही. घरी मिक्सरमध्ये 'दोन मिनिटांत मेयो' करायला सांगणाऱ्या रीलचा मात्र नक्की आहे. लहान मुलं, गरोदर बाई किंवा वयस्कर माणसं घरात असतील तर तो प्रयोग टाळाच.

तेल अजिबात नको, असंही नाही

डाएटवर असलेले अनेक जण नुसतं लिंबू पिळून सॅलड खातात. त्यात एक तोटा आहे. गाजरातलं बीटा कॅरोटीन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं, ते पाण्यात नाही, तर स्निग्ध पदार्थात विरघळतं. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात लोकांना तेच सॅलड तीन प्रकारच्या ड्रेसिंगसोबत दिलं: बिनतेलाचं, कमी तेलाचं आणि भरपूर तेलाचं. बिनतेलाच्या सॅलडमधून कॅरोटीन जवळजवळ शोषलंच गेलं नाही. अभ्यासात माणसं मोजकीच होती, पण निष्कर्ष पोषणशास्त्राला धरूनच आहे. तेव्हा ते दोन चमचे तेल, किंवा कोशिंबिरीवरची फोडणी आणि कूट, काढून टाकू नका.

'कोबीतला किडा मेंदूत जातो' हे खरं का?

हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. काही घरांत त्यामुळे कच्चा कोबी कायमचा बंद झालाय. यात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत.

कोबीत दिसणारी हिरवी अळी ही पतंगाची अळी असते. चुकून पोटात गेली तरी ती माणसाच्या शरीरात जगत नाही. मेंदूचा आजार होतो तो टेनिया सोलियम या फीतकृमीच्या अंड्यांमुळे. ही अंडी हा कृमी पोटात असलेल्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. तसं सांडपाणी शेताला दिलं गेलं, किंवा उघड्यावरची घाण पाण्यासोबत शेतात आली, तर ती भाजीला चिकटू शकतात. पोटात गेल्यावर त्यांतून निघालेल्या अळ्या रक्तावाटे मेंदूपर्यंत पोहोचून तिथे गाठी करू शकतात आणि रुग्णाला फिट येऊ शकते. आजार खरा आहे. पण धोका फक्त कोबीत नाही, गाजर, मुळा, कोथिंबीर, कुठल्याही कच्च्या भाजीत असू शकतो. आणि ही अंडी डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे कोबीचं पान उलटून किडा शोधण्यात अर्थ नाही.

मिठाच्या पाण्यात भाजी भिजवली की हिरव्या अळ्या बाहेर येतात. त्याने कृमीची अंडी मरतात असं मात्र धरून चालू नका. उपयोग होतो तो वाहत्या पाण्याखाली चोळून धुण्याचा. कोबीची वरची दोन-तीन पानं टाका, बाकीची सुटी करून एकेक धुवा आणि मगच चिरा. आधी चिरून मग धुतलं तर वरची घाण आतल्या कापांना लागते. कंदांना ब्रश लावा, गाजर सोला. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, केमोथेरपी चालू आहे किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांच्यासाठी कोबी-गाजर वाफवून घ्या. पावसाळ्यात तर सगळ्यांनीच तसं केलेलं बरं. वाफवलेल्या भाजीवरही हे ड्रेसिंग छान लागतं, फक्त भाजी पूर्ण गार आणि कोरडी करून घ्या.

डब्यात न्यायचं असेल तर

भाजी आणि ड्रेसिंग वेगळ्या डब्यांत न्या, मीठ ड्रेसिंगमध्येच ठेवा आणि खाताना कालवा. कालवलेलं सॅलड दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नका, कडक उन्हाळ्यात तर तासाभरातच संपवा. नुसतं ड्रेसिंग फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकतं, लसणाचा वास मात्र दुसऱ्या दिवशी वाढतो.

चक्क्याखाली साचलेलं पाणी ओतून देऊ नका. त्यात कढी होते, नाहीतर चिमूटभर मीठ-जिरं घालून तसंच प्या. काकडी पिळून निघालेलं खारट पाणी थालीपिठाच्या पिठात जातं. तेव्हा पिठात मीठ जरा हात राखून घाला.