थंबनेलची शर्यत : घड्याळ नेमकं कशाचा वेळ मोजतं?

शाळेच्या स्नेहसंमेलनाचे 300 फोटो वेबसाईटवर टाकायचे म्हटले की प्रत्येक फोटोचं एक छोटं रूप, म्हणजे थंबनेल, तयार करावं लागतं. हे काम सर्व्हरवरची एखादी सॉफ्टवेअर लायब्ररी करते. अमुक लायब्ररी तमुकपेक्षा कितीतरी वेगवान, असे तक्ते आपल्याला नेहमी दिसतात. ते खोटेच असतात असं नाही. पण घड्याळ कशावर लावलं होतं, हे आधी बघायला हवं.

हिशेब मांडू या. मोबाईलचा 4000 बाय 3000 चा फोटो म्हणजे 1 कोटी 20 लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला 3 बाईट. जेपेग फाईल 4-5 एमबीची दिसते, पण उलगडली की मेमरीत 36 एमबी खाते. आपल्याला हवं असतं जेमतेम 200 पिक्सेल रुंदीचं चित्र! म्हणजे बराचसा वेळ फोटो लहान करण्यात नाही, उलगडण्यातच जातो.

इथे जेपेगमध्ये एक चोरवाट आहे. त्यात चित्र 8 बाय 8 च्या चौकोनांत साठवलेलं असतं आणि प्रत्येक चौकोनाची सरासरी वेगळी नोंदलेली असते. तेवढीच उलगडली तर 500 बाय 375 चं चित्र थेट हाती येतं, 64 पट कमी ठिपक्यांचं. पीएनजीत ही सोय नाही.

आता लायब्ऱ्यांकडे बघा. लिबविप्सचा जन्म युरोपातल्या संग्रहालयांतली चित्रं प्रचंड आकारात साठवण्याच्या प्रकल्पातला. तिची थंबनेलची आज्ञा ही वाट आपोआप धरते, शिवाय फोटो तुकड्या-तुकड्याने हाताळते, म्हणून मेमरी कमी लागते. नोडवाल्यांची शार्प तिच्यावरच उभी आहे. पायथनच्या पिलोमध्ये 'थंबनेल' आज्ञा चोरवाट घेते, साधी 'रिसाइझ' घेत नाही. एकच लायब्ररी, दोन निकाल! इमेजमॅजिकला जेपेगचा आकार आधी सांगावा लागतो, नाहीतर ती अख्खा फोटो उलगडत बसते. ही सूचना न देता तिची लिबविप्सशी तुलना करणं म्हणजे एका मुलाला पूर्ण पेपर आणि दुसऱ्याला फक्त रिकाम्या जागा भरा. सूचना दिली की अंतर बरंच घटतं, तरी लिबविप्स सहसा पुढेच राहते.

स्वस्त होस्टिंगवर मात्र वेगापेक्षा मेमरीच आधी संपते. पीएचपीची जीडी प्रत्येक ठिपक्याला 4 बाईट घेते. 8000 बाय 6000 चा फोटो म्हणजे 192 एमबी. मग फोटो चढतच नाही आणि आपण नेटला दोष देत बसतो.

तेव्हा आपलेच 50 फोटो घ्यावेत, आकार, दर्जा आणि फिल्टर सारखे ठेवावेत आणि वेळेबरोबर मेमरीही मोजावी. उभे फोटो आडवे तर होत नाहीत ना, तेही बघावं. फोन दिशा वेगळी नोंदवतो आणि पिलो, इमेजमॅजिक ती सांगितल्याशिवाय लावत नाहीत.