दुकान टाकण्याआधी 'सिव्हिलायझेशन' नीट खेळा : 5 टिप्स



'सिव्हिलायझेशन सिक्स' खेळतो म्हणून घरी बोलणी बसतात, असं बॅचमधली बरीच मुलं सांगतात. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. गेममध्ये बुडालात तर नवा डाव मांडता येतो. आईचं सोनं गहाण ठेवून उभं केलेलं भांडवल बुडालं तर तसं होत नाही. म्हणून पहिली ठेच तिकडेच लागू द्या.

2016 साली आलेला हा टर्न-बेस्ड गेम. आधी तुमची चाल, मग बाकीच्यांची. एका वस्तीपासून राज्य उभं करायचं.

1. आधी पाणी बघा, मग देखावा
नदी किंवा तळ्याकाठी वसवलेल्या शहराला 5 हाउसिंग मिळतं, समुद्रकाठी 3, कोरड्या जागी फक्त 2. हाउसिंग भरत आलं की लोकसंख्या वाढायची मंदावते. धंद्यातलं पाणी म्हणजे गिऱ्हाईक. खंडाळ्यात दरीकडेचा गाळा छान दिसतो, पण गाडी तिथे थांबते का? पावसाळ्यातल्या रविवारची गर्दी बघून डिपॉझिट देऊ नका. उन्हाळ्यातल्या एखाद्या मंगळवारी उभं राहून माणसं मोजा.

2. शेजार निवडा
कॅम्पसला शेजारच्या प्रत्येक डोंगरामागे 1 सायन्स जास्त मिळतं. कमर्शियल हब नदीला लागून असेल तर 2 गोल्ड जास्त. इमारत तीच, जागेमुळे कमाई वाढते. जिल्ह्याची जागा लवकर ठरवून टाका, कारण जागा धरली की त्याची किंमत तिथेच थांबते, नाहीतर खेळ पुढे जाईल तशी ती चढते.

3. व्यापारी मार्ग बदलतो, हे धरून चाला
सुरुवातीला व्यापारी आपल्याच शहरांत फिरवा, अन्न आणि प्रॉडक्शन मिळतं. शहरं सावरली की परदेशी पाठवा, गोल्ड येतं.
आपला बोरघाट म्हणजे हाच धडा. कोकणातल्या बंदरांचा माल याच बाजूने देशावर चढायचा. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या शिलालेखात वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीचं नाव आहे, म्हणजे व्यापाऱ्याचा पैसा इथे फार पूर्वीपासून खेळतोय. 1863 मध्ये घाटातून रेल्वे सुरू झाली आणि वाहतूक रुळांवर गेली. पुढे एक्स्प्रेस वे आला. खोपोली ते कुसगावची मिसिंग लिंक तर घाटाची वळणंच टाळते. सगळा गल्ला जर वाटेवरच्या गाड्यांवर असेल, तर गावातलं रोजचं गिऱ्हाईक आजपासून जोडायला घ्या. तुमचा आतला व्यापारी मार्ग तोच.

4. दुसरी शाखा फुकट नसते
सेटलर तयार केला की शहरातला एक माणूस कमी होतो आणि पुढचा सेटलर आणखी महाग पडतो. थांबलात तर चांगली जागा शेजारी पटकावतो. दुकानातही दुसरी शाखा तुमचा सगळ्यात भरवशाचा माणूस घेऊन जाते. तो गेल्यावर पहिलं दुकान कोण बघणार? नाव ठरलं असेल तरच पुढे जा.

5. शिल्लक नको, दर टर्नचा आकडा बघा
खजिन्यात 300 गोल्ड आहे, पण दर टर्नला 10 वजा होतंय. म्हणजे हातात 30 टर्न आहेत. खजिना संपला की सैन्य मोडायला लागतं. दुकानात यालाच कॅश फ्लो म्हणतात. भाडं, पगार, हप्ता, वीज धरून तुमचा महिन्याचा आकडा अधिक आहे की उणे? बँकेतली शिल्लक बघून गाफील राहू नका.

आता गृहपाठ. आज वहीत दोन ओळी लिहा: महिन्याचा निव्वळ आकडा किती, आणि विक्री बंद पडली तर शिल्लक किती महिने पुरेल. दुसरं उत्तर सहापेक्षा कमी असेल तर नवा गाळा बघायला जाऊ नका, आधी आहे ते शहर सांभाळा.