बंदराची जमीन कुणाची?

जगातल्या बंदर-शहरांमध्ये गेल्या तीस-चाळीस वर्षांपासून एकच मंत्र जपला जात आहे. जुनी गोदी बंद करा, वखारी रिकाम्या करा, पाण्याच्या कडेला जगप्रसिद्ध वास्तुविशारदाकडून काचेची, वाकड्या-तिकड्या रेषांची प्रायोगिक इमारत उभारून घ्या आणि जाहीर करा की आमचे शहर आधुनिक झाले. मुंबईच्या पूर्व किनाऱ्याबद्दलही हीच भाषा बोलली जात आहे. नव्या वास्तुकलेशी आमचे वैर नाही. सुंदर इमारत हा माणसाच्या बुद्धीचा गौरवच आहे. पण ज्या जमिनीवर ती उभी राहते ती जमीन कुणाची, तिथे आधी कोण राबत होते आणि नंतर तिथे कोणाला पाऊल ठेवता येणार, हे प्रश्न चळवळीने विचारले नाहीत तर दुसरे कोणी विचारणार नाही.

या गोदी ओस का पडल्या, हे आधी समजून घ्यावे लागेल. पूर्वी जहाजातला माल पोत्यापोत्याने, माणसांच्या पाठीवरून उतरत असे. कंटेनर आला आणि शेकडो माणसांचे काम एक क्रेन करू लागली. मोठ्या जहाजांना खोल पाणी आणि विस्तीर्ण मोकळी जागा लागते. शहराच्या पोटातल्या जुन्या गोदीत ती मिळत नाही. म्हणून बंदरे शहराबाहेर गेली. आपल्याकडे १९८९ साली न्हावाशेवा सुरू झाले आणि मुंबई बंदराचा कंटेनर हळूहळू खाडीपलीकडे गेला. माल गेला, काम गेले. शिल्लक राहिली ती जमीन, आणि त्या जमिनीच्या आसऱ्याने राहणारी माणसे.

आता ज्या शहराचा दाखला वारंवार दिला जातो त्या जर्मनीतील हॅम्बुर्गकडे पाहू. तिथे एल्ब नदीच्या काठावर 'एल्बफिलहार्मोनी' नावाचे संगीतगृह आहे. १९६० च्या दशकात बांधलेल्या कोको, चहा आणि तंबाखूच्या एका विटांच्या वखारीच्या डोक्यावर स्वित्झर्लंडच्या हर्झोग आणि द म्यूराँ या वास्तुविशारदांनी लाटेसारख्या छताची काचेची इमारत चढवली. इमारत अप्रतिम आहे, यात वाद नाही. पण तिचा हिशेबही पाहिला पाहिजे. सरकारी तिजोरीवर सुमारे ७ कोटी ७० लाख युरोचा भार पडेल, असे सुरुवातीला लोकांना सांगितले गेले. प्रत्यक्षात तो ७८ कोटी ९० लाख युरोवर गेला, म्हणजे दहापट! २०१० साली उघडायची इमारत ११ जानेवारी २०१७ रोजी उघडली. विधिमंडळाला चौकशी समिती नेमावी लागली. गरिबाच्या घरासाठी पैसा नसतो आणि श्रीमंतांच्या शोभेसाठी तिजोरीला तळ नसतो, ही रीत फक्त आपल्याच देशात नाही.

तेच हॅम्बुर्ग आणखी एक इतिहास सांगते. आज जागतिक वारसा म्हणून मिरवणारी तिथली वखारींची नगरी, श्पाइखरश्टाट, १८८३ पासून उभी राहू लागली, तेव्हा त्या जागेवरून सुमारे वीस हजार लोकांना हुसकावून लावले गेले. त्यांत बंदरात राबणारे मजूर मोठ्या संख्येने होते. याच शहरात १८९६-९७ च्या हिवाळ्यात हजारो गोदी कामगारांनी मोठा संप केला. विकासाच्या प्रत्येक लाटेत आधी बुडतो तो कामगार.

मात्र हॅम्बुर्गकडून शिकण्यासारखेही पुष्कळ आहे आणि ते आमचे नियोजनकार सोयीस्करपणे सांगत नाहीत. तिथला १५७ हेक्टरचा 'हाफेनसिटी' प्रकल्प राबवणारी कंपनी पूर्णपणे शहराच्या मालकीची आहे. घरांचे भूखंड देताना केवळ चढी बोली पाहिली जात नाही. आराखड्याच्या गुणवत्तेला किमतीपेक्षा अधिक वजन दिले जाते. सुरुवातीला इथली घरे श्रीमंतांचीच होती. त्यावर टीका झाली आणि २०१० नंतरच्या भूखंडांवर सुमारे एक तृतीयांश घरे अनुदानित भाड्याची ठेवण्याचे धोरण आले. हे आपोआप घडलेले नाही. बंदराकाठच्या हाफेनश्ट्रासे या रस्त्यावरील पाडायला काढलेली घरे १९८१ साली लोकांनी ताब्यात घेतली, वर्षानुवर्षे पोलिसांशी आणि न्यायालयात झुंज दिली, आणि १९९५ साली ती घरे रहिवाशांच्या सहकारी संस्थेला विकणे सरकारला भाग पडले. त्याच परिसरात बिल्डरच्या घशात जाणाऱ्या जागेवर रहिवाशांनी स्वतः बसून बगिच्याचा आराखडा केला. 'पार्क फिक्शन' नावाचा तो बगिचा २००५ साली खुला झाला. संघर्ष केला तर किनारा वाचतो, हा त्याचा अर्थ.

आता मुंबई. १८७३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे पोर्ट ट्रस्टकडे, म्हणजे आजच्या मुंबई बंदर प्राधिकरणाकडे, कुलाब्याच्या ससून डॉकपासून वडाळ्यापर्यंत सुमारे अठराशे एकर जमीन आहे. ही जमीन कोणा शेठची नाही, ती सार्वजनिक आहे. या गोद्यांमध्ये कोकणातून आणि घाटावरून आलेल्या आमच्या बापजाद्यांनी घाम गाळला. त्या काळी टोळीवाले रोजंदारीवर माणसे पुरवत. आज काम, उद्या उपाशी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात मजूर मंत्री होते आणि कामगाराला कायद्याचे संरक्षण देण्याची दिशा त्यांनी या देशाला दाखवली. ते कायदामंत्री असताना १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा झाला. गोदी कामगाराला माणूस म्हणून नोंद मिळाली ती अशी.

या जमिनीचा निर्णय आज कोण घेतो? २०२१ च्या महाबंदर प्राधिकरण कायद्याने बंदराच्या मंडळाला आपला आराखडा करण्याचा अधिकार दिला. हा आराखडा आणि स्थानिक नियम यांत विरोध आला तर बंदराचा आराखडा वरचढ ठरतो. नगरसेवकाला जाब विचारता येतो, आमदाराला विचारता येतो. पण या मंडळाला मुंबईकराने निवडून दिलेले नाही.

याचा परिणाम शिवडीत दिसतो. मुंबईत बीडीडीच्या २०७ चाळी. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील पुनर्विकासाचे भूमिपूजन २०१७ साली झाले. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. शिवडीच्या १२ चाळी मात्र मागे राहिल्या. कारण काय, तर त्या बंदराच्या जमिनीवर आहेत! तीच १६० चौरस फुटांची खोली, तोच गळका माथा, तोच कामगार वर्ग. फरक फक्त सातबाऱ्यावरच्या नावाचा. दारूखाना, कौला बंदर, रे रोड येथील झोपडीवासीयांची गत तर याहून वाईट. राज्याची पुनर्वसन योजना केंद्राच्या जमिनीवर केंद्राच्या संमतीशिवाय सरकत नाही. उलट सार्वजनिक जागांवरील निष्कासनाच्या १९७१ च्या कायद्याखाली नोटीस तेवढी वेळेवर येते, आणि सुनावणी घेणारा अधिकारीही त्याच प्राधिकरणाचा असतो.

वकील म्हणून आम्ही वाचकांच्या ध्यानी काही गोष्टी आणून देऊ इच्छितो. ओल्गा टेलिस खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. जमशेद वाडिया खटल्यात २००४ साली मुंबई पोर्ट ट्रस्टबाबतच असे सांगितले की, हे 'राज्य' आहे. त्याने सामान्य घरमालकासारखे केवळ नफेखोर न वागता न्याय्य आणि वाजवी वागले पाहिजे. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने म्हटले की, प्रत्येक खासगी मालमत्ता अनुच्छेद ३९(ब) खाली समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही. ठीक. पण बंदराची जमीन खासगी नाहीच. ती सार्वजनिक साधनसंपत्ती आहे, आणि तिचे वाटप सर्वांच्या हिताचे व्हावे असे धोरण ठेवणे हे राज्याचे कर्तव्य संविधानानेच सांगितले आहे. बाबासाहेबांनी १९४७ साली 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात शेतजमीन राज्याच्या मालकीची असावी आणि ती जातिभेद न करता कसणाऱ्यांना द्यावी, अशी मांडणी केली. तिचा विषय शेतीचा होता. पण जमीन मूठभरांच्या हाती गेली की लोकशाही पोकळ होते, हे तत्त्व शहरालाही लागू आहे.

गिरण्यांच्या जमिनीचा धडा आम्ही विसरता कामा नये. १९९१ च्या नियमात एक तृतीयांश जागा मोकळ्या मैदानांना आणि एक तृतीयांश सार्वजनिक घरांना मिळायची होती. २००१ साली नियमात बदल झाला आणि वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली तो बदल रोखला, पण २००६ साली सर्वोच्च न्यायालयात तो टिकला. टॉवर उभे राहिले आणि गिरणी कामगार घरासाठी अर्ज भरत राहिला. एका नियमातल्या चार शब्दांनी हे घडवले. म्हणून आराखड्याचे चित्र नव्हे, नियमावली वाचा.

बंदरातून आलेल्या संपत्तीचे काय करावे, हे आपल्या पूर्वजांनी दाखवून ठेवले आहे. सोपारा आणि कल्याण या प्राचीन बंदरांच्या व्यापाऱ्यांची दाने कान्हेरीच्या शिलालेखांत कोरलेली आहेत. त्यांनी भिक्खूसंघाला लेणी दिली, पाण्याची पोढी दिली. दोन हजार वर्षांपूर्वीची ती वास्तुकलाही त्या काळी नवीच होती. पण ती संघाच्या उपयोगाची होती, कोणा एकाच्या नफ्याची नव्हती. धम्माची कसोटी हीच आहे, बहुजन हिताय.

आमच्या मागण्या साध्या आहेत. बंदराची एक इंचही जमीन विकू नये. भाडेपट्टा द्यावा तो मुदतीचा आणि अटींचा. किमान एक तृतीयांश जागा कामगार व झोपडीवासीयांच्या घरांसाठी राखून ती नियमातच लिहावी. शिवडीच्या चाळींना इतर तीन ठिकाणांइतकेच घर, त्याच जागी मिळावे. किनारा सर्वांना विनातिकीट खुला असावा. आणि आराखडा मराठीत, वस्तीत, जाहीर सुनावणीत मांडला जावा.

शिवडी, दारूखाना आणि वडाळ्यातील बांधवांनी आजच आपापली कागदपत्रे गोळा करावीत, सहकारी संस्था नोंदवाव्यात, हरकती लेखी द्याव्यात आणि त्यांची पोच घ्यावी. एकेकट्याने नोटिशीला उत्तर देऊ नये. बाबासाहेबांनी शिका, संघटित व्हा आणि संघर्ष करा, हा मार्ग दिला आहे. चवदार तळ्यावर आम्ही पाण्याचा हक्क मागितला होता. आता समुद्राच्या काठावर राहण्याचा हक्क मागावा लागणार आहे.

जय भीम!